भिंतीला टेकून बसणारी पोरं

आमच्या भागाला कागदोपत्री ‘संघर्षग्रस्त क्षेत्र’ म्हणतात. ज्याने हा शब्द शोधून काढला त्याला माझा लांबूनच सलाम. संघर्ष म्हटलं की डोळ्यांपुढे दोन पहिलवान उभे राहतात, लंगोट कसून, मांडी ठोकून तयार. इथे एका बाजूला वाघ असतो आणि दुसऱ्या बाजूला कमरेला ओटी बांधून, वाकून कापूस वेचणारी बाई. आपला कुणाशी संघर्ष चालू आहे हे तिला कळायच्या आत तो संपलेला असतो.

मी नर्स. माहेर दिग्रसचं, सासरही दिग्रसचं. बाप जिनिंगमध्ये फिटर होता, नवरा लवकर गेला. नोकरी लागली ती आर्णीहून आत, डांबर जिथे संपतं तिथल्या एका तांड्यावरच्या उपकेंद्रात, आणि तिथेच केस पांढरे झाले. तांडा बंजाऱ्यांचा, मी मुसलमान. सुरुवातीला माझ्या हातचं पाणी चालेल की नाही यावर थोडी कुजबुज झाली. मग एका पावसाळ्यात नाल्याला पूर आला, एक बाई अडली, मी तिला मोकळी केली, आणि पाण्याचा प्रश्न कायमचा मिटला. सगळे मला सिस्टरबाई म्हणतात. पाठीमागे म्हणतात, “सिस्टरबाईची सुई नाही दुखत, जीभ दुखते.” खोटं नाही. मला गप्प बसता येत नाही. नवरा म्हणायचा, तू झोपेतसुद्धा कुणाला तरी झापत असतेस.

ही हकीकत एका मुलीची आहे. तेव्हा ती तिसरीत होती. दिवाळीची सुट्टी अजून संपली नव्हती आणि ती आईबरोबर कापूस वेचायला गेली होती. शेजारच्या वावरात तूर, उभा माणूस बुडेल एवढी. मायलेकी एकाच ओळीत वेचत होत्या, मुलगी पुढे, आई मागे. सकाळी भाकर टाकून दिली म्हणून आईने तिला दटावलं होतं, म्हणून पोरगी वेचता वेचता आईला मनवत होती. शाळेतलं सांगत होती, मैत्रिणीचं सांगत होती, कुणाच्या तरी बकरीला दोन पिल्लं झाली ते सांगत होती. आई उत्तर देत नव्हती. पोरीला वाटलं, अजून रुसलेलीच आहे, म्हणून ती आणखी बोलली. बोलत बोलत ओळीच्या टोकाला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आली आणि मागे वळली, तर मागे कुणी नव्हतं. ओळीच्या मधोमध ओटीतला कापूस सांडलेला होता.

पुढचं मी सांगणार नाही. ते सांगणारे पुष्कळ आले, कॅमेरे घेऊन आले, आणि सांगून गेले.

तिला माझ्याकडे उपकेंद्रात आणलं. अंगावर ओरखडाही नव्हता. छाती तपासली आणि पाठ तपासायला म्हणून तिला वळ म्हटलं, तर ती सरकत सरकत भिंतीला गेली आणि तिथे चिकटली. त्या दिवसापासून तिने कुणालाही पाठ दिली नाही. घरात भिंतीला घासत चालायची, फ्रॉकच्या पाठीवर कायम चुना. रस्त्याने जाताना चार पावलं सरळ, मग वळून बघणं, मग उलटी चाल. आजीने वेणी घालायला पुढ्यात बसवलं की किंचाळायची. केसांचा गुंता झाला, उवा झाल्या, शेवटी आजीने तिच्या तोंडासमोर बसून, डोकं छातीशी धरून, कात्रीने केस कापले. ते बोडकं डोकं बघून तांड्यातल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. बोलणं म्हणाल तर ‘हाव’ आणि ‘नाही’, एवढंच उरलं. ही तीच पोर, जी अख्खी ओळभर बोलली होती.

अशी आणखी चारदोन पोरं आसपास होती. दोघा भावांचा बाप शेळ्या चारायला गेलेला परत आला नव्हता. एका मुलीने काकाला पाहिलं होतं. सगळ्यांचं थोड्याफार फरकाने तेच, मागून कुणी आलं की संपलं. जनावर मागून येतं ना. मधल्या काळात कुणीतरी दयाळू माणसांनी बायकांना प्लास्टिकचे मुखवटे वाटले होते, डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायला, म्हणजे जनावराला वाटेल बाई आपल्याकडेच बघते आहे. गोरागोमटा, मिशीवाला, हसरा पुरुष होता त्या मुखवट्यावर. बायकांनी दोन दिवस बांधले, घामाने मानेला पुरळ आलं, मग मिशीवाले वावरातल्या बुजगावण्यांना मिळाले. डुकरंसुद्धा त्यांना घाबरली नाहीत.

त्याच महिनाअखेरीस मी निवृत्त झाले तेव्हा दिग्रसला भावाने माझ्यासाठी खोली रंगवून ठेवली होती. मी गेले नाही. तांड्याचं समाजमंदिर रिकामं पडलं होतं, चार भिंती आणि एक दार. मला भिंतीच हव्या होत्या. मी मधलं टेबल, खुर्च्या, तुटका माईक, सगळं बाहेर काढलं आणि चारी भिंतींना लागून सतरंज्या टाकल्या. दुपारी पोरं येऊन भिंतीला टेकून बसायची. नियम एकच: कुणी कुणाच्या पाठीमागून जायचं नाही, आणि दारात येणाऱ्याने आधी खोकायचं. तांड्यातले म्हातारे तसेही खोकतच येतात, त्यांना काही शिकवावं लागलं नाही.

आता संस्थेबद्दल. मोठ्या शहरातल्या एका संस्थेला आमचा पत्ता लागला. त्यांनी दुपारच्या जेवणाचं सामान, एक स्वयंपाकीण आणि आणखी सतरंज्या दिल्या. त्यांचं अन्न आम्ही खाल्लं, ते मी नाकारत नाही. पण त्या वरणभातासोबत जे काही आलं त्याने मला अपचन झालं.

आधी मॅडम आल्या. हातमागाची साडी, अशी की जी आमच्याकडच्या एकाही बाईने कधी नेसली नसेल, जरी तिचा कापूस आमच्याच बायकांनी वेचला असला. मॅडम वाईट नव्हत्या. वाईट माणसाला चार शब्द सुनावून मोकळं होता येतं. मॅडमच्या डोळ्यांत पोरांना बघून खरंच पाणी यायचं, आणि त्या पाण्याचाही फोटो निघायचा. त्यांनी मला विचारलं, “सिस्टर, पुढच्या वेळी तुम्ही तो आरशांचा पारंपरिक पेहराव घालाल का?”

मी म्हटलं, “मॅडम, मी मुसलमान हाये, दिग्रसची.”

“हो, पण फोटोत ते कुठे कळतंय?”

मग समुपदेशक बाई आल्या. त्यांनी पोरांना कागद आणि रंग दिले आणि मनात जे आहे ते काढा म्हणाल्या. दोघा भावांतल्या धाकट्याने मोटरसायकल काढली. बाईंनी लिहून घेतलं, मुलाला या परिस्थितीतून पळून जायचं आहे. आदल्या दिवशी त्याच्या मामाने आर्णीहून जुनी मोटरसायकल आणली होती आणि सगळा तांडा तिच्यावर एकेक चक्कर मारून आला होता. मी सांगायला गेले तर म्हणाल्या, “वरवर तसं दिसतं.” माझ्या मुलीला, म्हणजे कापसाच्या ओळीतल्या त्या पोरीला, त्यांनी समोर बसवून विचारलं, “त्या दिवशी तुला काय दिसलं?” तिला काही दिसलंच नव्हतं. तिचं सगळं दुखणं तेच होतं. पण हे ऐकायला बाईंना वेळ नव्हता, पुसदला दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं.

नंतर खेळण्यांचं खोकं आलं. त्यात अस्वल होतं, ससा होता, आणि पिवळे, काळ्या पट्ट्यांचे, मऊमऊ वाघ. ज्याने ते खोकं भरलं त्याने क्षणभरसुद्धा विचार केला नसेल काय? नसेलच. मी ते वाघ पोरांच्या नजरेला पडायच्या आत चुलीत घातले. फार घाण वास सुटला. स्वयंपाकीण म्हणाली, “बाई, मेल्यावरबी त्रास देऊन राह्यले.”

पोरांना या सगळ्याने काही झालं नाही. जे झालं ते गोधडीने झालं, आणि गोधडी काही उपचार म्हणून काढली नव्हती. हिवाळा ऐन भरात आला होता, फरशी गार पडायची, आणि मला पोरांना नुसतं बसवून ठेवणं जमत नाही. घरोघरची जुनी लुगडी मागवली, थर लावले, मधोमध अंथरलं आणि प्रत्येकाला सुईदोरा दिला. मुलीच्या आजीने एक निळी साडी आणली. घडी छातीशी धरून उभी राहिली आणि म्हणाली, “तिच्या याडीची हाये. आतल्या थरात घाला. वर दिसू नका देऊ.” याडी म्हणजे आई. मी ती दोन जाड लुगड्यांच्या मध्ये घातली. मुलगी बघत होती.

गोधडी शिवतात कशी हे ज्याने पाहिलं आहे त्याला पुढचं सांगायला नको. आधी काठ, चारी बाजूंनी. मग काठाच्या आत दुसरी ओळ, तिच्या आत तिसरी. ओळी आत सरकतात तसा शिवणाराही आत सरकतो, गोधडीवरच बसतो, आणि शेवट होतो तो मधोमध. आमची गोधडी समाजमंदिराएवढीच अवाढव्य होती. काठ भिंतींपाशी. पोरं भिंतीला टेकून काठ शिवायला लागली आणि शिवता शिवता, कुणी न सांगता, वीतवीत पुढे आली. दोघे भाऊ आधी आले, धाकट्याला तर मोटरसायकलच्या गप्पांत कळलंच नाही की पाठीमागे भिंत राहिलेली नाही. काकाला पाहिलेली मुलगी आली. माझी मुलगी मात्र काठ पूर्ण झाला तरी कापड ओढून मांडीवर घ्यायची आणि भिंतीशीच बसायची. पण ओढून तरी किती ओढणार? मध्ये बाकीचे बसलेले. होळीनंतर एक दिवस तिच्या आणि भिंतीच्या मध्ये माझा हात जाईल एवढी फट दिसली. मी हात घालून पाहिला नाही, तेवढी अक्कल मला आहे. उन्हाळ्यात ती फट एका हातभर झाली. पावसाळा लागला तेव्हा ती गोधडीच्या बरीच आत येऊन बसली होती. दर पाचदहा टाक्यांनी मागे वळून बघायची, पण बसली होती.

आणि नेमका व्याघ्र दिन आला.

जंगलाच्या वेशीवरच्या एका रिसॉर्टमध्ये कार्यक्रम ठरला. पाहुणे, देणगीदार, जेवण. संस्थेला आमची पोरं स्टेजवर हवी होती, गालांवर पट्टे रंगवून. मागे पडद्यासारखी ती गोधडी टांगायची, आणि निळी साडी उसवून वर लावायची, म्हणजे लोकांना दिसेल. आणि माझ्या मुलीने माईकवर बोलायचं.

मी विचारलं, “तिनं काय बोलाचं हाये?”

“फक्त एक वाक्य,” मॅडम म्हणाल्या. “‘मी वाघाला माफ केलं.’ बघा ना, केवढं मोठं वाक्य आहे. लोक उभे राहतील.”

“काहून? वाघानं माफी मागितली काय?”

मॅडमचा चेहरा पडला. “सिस्टर, तुम्ही फार निगेटिव्ह आहात. हा कार्यक्रम झाला नाही तर पुढच्या वर्षीची मदत मी कुठून आणू? मलाही वर उत्तर द्यावं लागतं.” ते मात्र खरं असावं. त्यांच्याही वर कुणीतरी होतं, आणि त्यालाही कुणी उभं राहून टाळ्या वाजवल्याशिवाय आमच्या पोरांची भूक पटत नव्हती.

मी तांड्याच्या नायकाकडे गेले. नायक वंशपरंपरेने आहे. पागोटं मोठं, आवाज पागोट्याहून मोठा, आणि काम विचाराल तर बैठक बोलावणं. त्याने मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, “एक वाक्य तर हाये बाई. बोलू द्या पोरीले. आपल्या जेवनाची सोय होते. इलेक्शनमध्ये आमी कितीकायले माफ केलं, काही झालं काय?” मी त्याला तिथल्या तिथे त्याच्या सात पिढ्यांची आठवण करून दिली आणि निघाले. पण मनात धाकधूक होती. जेवण थांबलं तर पोरं दुपारची मजुरीवर जातील, नाही तर आईबापामागे वावरात. समाजमंदिर रिकामं दिसलं की नायकाचा पुतण्या त्यात सोयाबीनची पोती टाकायला टपूनच होता. भिंतीच गेल्या तर माझ्या मुलीने पाठ कुठे टेकवायची? म्हणून मी नाही म्हणायला उशीर केला. बघू, सराव तर करू देत, असं म्हणाले.

सरावाला मॅडमसोबत फोटोग्राफर आला. त्याला मी नियम सांगितला, दारात खोकायचं, मागून जायचं नाही. तो हसला आणि हो म्हणाला. पोरं गोधडीवर बसली होती. मॅडम समोर गुडघ्यांवर बसून मुलीला वाक्य शिकवत होत्या, “म्हण बाळा, मी वाघाला…” आणि याला सुचलं की मागून घेतलं तर पोरीचं कातरलेलं डोकं, पुढे मॅडम, खाली गोधडी, सगळं एका चौकटीत येईल. चपला बाहेर काढलेल्या, त्यामुळे पावलांचा आवाज नाही. खांदा जरा आड येत होता म्हणून त्याने मागून हात घालून तो हळूच बाजूला केला.

ती ओरडलीसुद्धा नाही. भिंतीपर्यंत कशी गेली ते मला दिसलं नाही, एकदम भिंतीशी दिसली, आणि तिच्या पायांखाली ओलं झालं होतं. बाकीची पोरंही उठून आपापल्या भिंतीला लागली. अख्खा हिवाळा, उन्हाळा, सगळी गोधडी मधोमध रिकामी पडली होती. मॅडम तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, “अरे देवा, ही तर अजून खूप ट्रॉमामध्ये आहेत.”

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिता येणार नाही, छापणारा नकार देईल. फोटोग्राफरच्या आईपासून सुरुवात केली एवढं आठवतं. मॅडमना म्हणाले, “तुमच्या वाघाले तुमीच माफ करा. स्टेजवर तुमीच चढा, गालाले पट्टे मी रंगवून देतो.” त्या रडत गाडीत बसल्या. या वेळी फोटो निघाला नाही.

वरणभात त्या महिन्यापासून बंद झाला.

नायकाने बैठक बोलावली. दुसरं येतंय काय त्याला? सगळे पुरुष पारावर, बायका मागे, मी मध्येच उभी. पुतण्याने विषय काढलाच, की समाजमंदिर आता मोकळं आहे. कुणी म्हणालं, सिस्टरबाईच्या जिभेने पोरायच्या तोंडचा घास गेला. मला उत्तर देता आलं असतं, पण ते अगदीच खोटं नव्हतं, म्हणून मी गप्प राहिले. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मी गप्प आहे म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे त्यांना तेव्हा कळलं असावं.

मुलीची आजी उठली. तिने कधी बैठकीत तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. म्हणाली, “पोट्टी पुना भिंतीले चिकटली. चार दिस झाले, जेवून नाही राह्यली. मले पोती नोका दाखवू, मले भिंत पायजे.” आणि खाली बसली.

नायक बराच वेळ पागोटं सारखं करत होता. मला वाटलं, आता हा एक समिती नेमणार. तो म्हणाला, “मयत झाल्यावर चूल पेटत नाही. मंग कडू भाकर कोन देते?”

“शेजारी,” लोक म्हणाले. आमच्याकडे मयताच्या घरी शेजारपाजारचे भाकर घेऊन येतात, ती कडू भाकर. लहान पोरालाही हे माहीत असतं.

“कवापर्यंत?”

“तेरवीपर्यंत,” पुतण्या म्हणाला. “अन् तेरवी तर कवाच होऊन गेली.”

“मोठ्यायची झाली,” नायक म्हणाला. “या पोरायची कोनं केली?”

नायकाने तिथल्या तिथे निकाल दिला: या पोरांचं सुतक अजून फिटलेलं नाही, म्हणून समाजमंदिर हे मयताचं घर, आणि मयताच्या घरात कुणी पोती टाकत नाही. पाळीपाळीने प्रत्येक घराने कडू भाकर पोचवायची, सुतक फिटेपर्यंत. पुतण्या तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. एवढी वर्षं मी ज्या माणसाला रिकामं पागोटं समजत होते त्याच्या डोक्यात हे कुठून आलं कोण जाणे. मी त्याचं कौतुक केलं नाही. अशा माणसाचं कौतुक केलं तर तो पुतळा मागेल.

तेव्हापासून भाकर येते. संत कुणी झालेलं नाही. एका घरची भाकर अशी कडक असते की दारावर आपटली तर खोकायची गरज नाही. एक बाई ठेच्यात मीठ विसरते, आणि मला खात्री आहे ती मुद्दाम विसरते. पुतण्याच्या घरची पाळी आली की भाकरी बरोबर मोजून येतात, एक जास्त नाही. पण येतात. कुणी फोटो काढत नाही, कुणी पोरांना विचारत नाही की तुला ही भाकर खाऊन कसं वाटतं. आणणारी दारात खोकते, टोपलं ठेवते, आणि घाई असली की भांडं परत मागून भांडून जाते.

मुलगी परत यायला लागली ती भिंतीलाच. गोधडीच्या तिच्या बाजूचा बराच भाग शिवून झालेला होता, भिंतीपाशी करायला काही उरलंच नव्हतं. मग मी काय केलं, तिच्या बाजूच्या ओळी उसवल्या. स्वयंपाकीण नव्हतीच आता, पण भाकर आणणाऱ्या बाया ओरडल्या, “बह्याड झाल्या काय सिस्टरबाई, शिवलेलं कायले उसवून राह्यल्या?” मी म्हटलं, “तुमाले भाकर नीट भाजता येत नाही, माह्या शिवणाकडं कायले पाहता?” मुलगी काठापासून पुन्हा सुरू झाली. पुन्हा वीत, पुन्हा हात. दिवाळी आली आणि गेली. कापूस फुटला. त्या दिवसांत ती आठवडाभर आलीच नाही, मग आली. तूर कापून झाली, वावरं मोकळी झाली, लांबपर्यंत दिसायला लागलं, तेव्हा तांड्यातल्या सगळ्यांनीच जरा श्वास सोडला.

संक्रांत होऊन गेल्यावरची गोष्ट. दुपार होती. गोधडी आता सगळीकडून होत आली होती, मधोमध पाटाएवढा चौकोन उरला होता. निळी साडी त्याच्याखाली कुठेतरी होती. बाकीच्या पोरांचं शिवून झालं होतं, सगळी भिंतीशी बसून भाकर खात होती. उरलेला चौकोन शिवायचा तर मधोमध बसावं लागणार, आणि मधोमध बसलं की कुणीतरी पाठीमागे येणारच. मी दाराजवळच्या भिंतीशी तुरीच्या शेंगा सोलत होते.

माझी मुलगी उठली. गोधडीच्या मध्यावर गेली, जरा घुटमळली, आणि बसली. तोंड पलीकडच्या भिंतीकडे, पाठ माझ्याकडे. केस तोपर्यंत मानेपर्यंत वाढले होते, कुणी न विंचरलेले. तिने सुई ओवली. पहिला टाका घालायला हात उचलला आणि तसाच ठेवला.

“सिस्टरबाई,” ती म्हणाली, “माह्या मागं कोन हाये?”

हाव आणि नाही सोडून तिच्या तोंडून मी सव्वा वर्षात ऐकलेला तो पहिला शब्द. मी म्हटलं, “मी हावो.”

तिने मान वळवली नाही. म्हणाली, “मंग बोलत राहा.”

मला कळलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडातून शब्द फुटेना. अख्खी ओळभर ती बोलली होती आणि मागून कुणी बोललं नव्हतं. माझ्या हातातल्या शेंगा सांडल्या होत्या, आणि तिचा हात तिकडे हवेत तसाच. काय बोलणार? मला गोड बोलता येत नाही, कुणी शिकवलंच नाही. जे येतं तेच काढलं. नायकाला शिव्या घालायला सुरुवात केली.

म्हटलं, तो तुमचा नायक, पागोटं एवढं की खाली माणूस आहे की खांब हे समजत नाही. टाका पडला. म्हटलं, आणि त्याचा तो पुतण्या, भाकरी मोजून पाठवतो, उद्या त्याच्या मयतीला मी अश्रू मोजून गाळीन. दुसरा टाका पडला. मग मॅडमची साडी घेतली, समुपदेशक बाईंचे रंग घेतले, मिशीवाला मुखवटा घेतला. श्वास घ्यायला थांबले की सुई थांबायची, म्हणून श्वासही घाईघाईने घेत होते. बाकीची पोरं भाकरी हातात धरून माझ्याकडे बघत होती, धाकटा भाऊ तर खिदळत होता. पुन्हा नायकावर आले, कारण त्याच्याकडे माल पुष्कळ आहे.

तेवढ्यात दारात खोकला आला. नायकच होता, त्याच्या घरची पाळी होती, हातात भाकरीचं टोपलं. त्याने स्वतःचं नाव ऐकलं, तोंड उघडलं, आणि मग त्याला मधोमध बसलेली पोर दिसली, पाठ दाराकडे. माझी थांबायची सोय नव्हती, मी त्याच्या तोंडावरच त्याच्या बैठकांचे वाभाडे काढत होते.

तो उंबऱ्यातच खाली बसला. पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

“चालू द्या बाई,” तो म्हणाला. “माह्या बापाचं तं अजून राह्यलंच हाये.”

मी त्याच्या बापाला घेतलं. ती शिवत राहिली.